खालच्या पट्टीतलं

१

दुपारी दोन ते चार ही तेराउची शोसाकुची गाणी ऐकण्याची वेळ. पंपांच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि या अकरा वर्षांत बाकी काय वाटेल ते चुकलं असेल, पण ही वेळ चुकली नव्हती. जेवणाची भांडी विसळायची, चहाची किटली हाताशी ठेवायची, रजई पांघरलेल्या बैठ्या टेबलाखालच्या उबेत पाय सोडायचे आणि अँप्लिफायरचं बटण दाबायचं. दाबलं की दोन्ही स्पीकरमधून एक बारीक ‘धप्प’ यायचा. जुना अँप्लिफायर गाण्याआधी घसा खाकरायचा तो असा.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मित्सुए शिवण घेऊन बसायची. “तुमचं ऐकणं म्हणजे एक गाणं आणि बाकी घोरणं,” असं म्हणायची आणि आवाज कमी करायची. त्याला लगेच जाग यायची.

मित्सुए ऑक्टोबरात गेली. स्वयंपाकघरात मुळा किसता किसता खाली बसली ती उठलीच नाही. मूलबाळ नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या अंगवळणी पडलेली दोन माणसं, त्यातलं एक उठून गेलं. शोसाकु रडला नाही. रडायला समोर कुणीतरी लागतं, आणि ओकाया गावातल्या त्या गल्लीत हिवाळ्यात दाराबाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

जानेवारीत त्याच्या लक्षात आलं, की गाण्यातला जीव गेलाय. आवाज होता पण पातळ, पाणी घातलेल्या दुधासारखा. आधी वाटलं, आपल्याच मनाचे खेळ. दुःखाने कान बसतात म्हणतात. पण तो जन्मभर पंपांची नाडी बघत आलेला माणूस, मनावर खापर फोडून गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्याने झाकण उघडलं आणि दोन मिनिटांत चोर सापडला. दोन्ही कपॅसिटर वाळले होते.

अशा जुन्या यंत्रात स्पीकरकडे जाणाऱ्या वाटेवर एकेक जाडजूड कपॅसिटर बसवलेला असतो, दारवानासारखा. जी वीज एका जागी नुसती उभी राहते तिला त्याने अडवायचं, आणि जी मागेपुढे हलते तिला सोडायचं. हलते ते गाणं. उभी राहते ती स्पीकर जाळते. मात्र या दारवानाला एक खोड असते. भराभर हलणारे बारीक आवाज तो सहज सोडतो, सावकाश हलणाऱ्या भारी आवाजांना मात्र अडवून धरतो. दारवान जितका लहान, तितकी अडवणूक फार. वर्षांमागून वर्षं गेली की तो आतून आकसतो, आणि मग ढोल, बास, पियानोची डावी बाजू अशी सगळी मंडळी दाराबाहेर राहतात.

२

सुवा स्टेशनच्या मागे हानेदाबाईंचं सुट्या भागांचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं, आता बाई एकट्या चालवतात. साठीच्या आहेत, चष्मा कपाळावर आणि जीभ नेहमी तयार. शोसाकुने वाळलेले दोन्ही कपॅसिटर काउंटरवर ठेवले.

“गेले ना शेवटी?” बाई म्हणाल्या. “दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं, बदला म्हणून.”

“चालत होते तोवर चालवले.”

“तुम्हा लोकांचं असंच. मोडेपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही. बायकोचं ऐकलं नसेल, तिथे माझं काय ऐकणार.” एवढं बोलल्यावर बाईंना आठवलं आणि त्यांनी जीभ चावली. अंत्यविधीला त्या स्वतः येऊन गेल्या होत्या. मग मागच्या खणातून दोन नवे कपॅसिटर काढून त्यांनी निमूटपणे कागदात गुंडाळले. “हजार मायक्रोफॅरडचे आहेत. होते तेवढेच. पहिले शंभर तास नुसते वाजत ठेवा. रुळल्याशिवाय सूर लागत नाही त्यांना.”

“शंभर तास काय वाजवू?”

“तुमच्या आवडीचं लावा काहीतरी. आता टोकणारं कोण आहे?” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा जीभ चावली.

३

टोकणारं कुणी नव्हतं हे खरंच होतं. म्हणून त्याने तिचाच आवाज लावायचं ठरवलं.

कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात एकेचाळीस कॅसेटी, प्रत्येकीवर आकडा आणि तारीख. छत्तीस वर्षांपूर्वी कंपनीने शोसाकुला तीन वर्षांसाठी कोकुराला पाठवलं. घर सोडून पुरुषाने एकट्याने बदलीवर जायचं आणि बायकोने घर धरून राहायचं, ही तेव्हाची रीतच होती. फोन महाग, आणि फोनवर मित्सुएला बोलायला सुचायचं नाही. मग त्यानेच युक्ती काढली. आपला चांगला डेक आणि माइक घरी ठेवला आणि तिला शिकवलं, लाल बटण दाब आणि बोल. महिन्यातून एक-दोन कॅसेटी पोस्टाने यायच्या. तो हॉस्टेलच्या खोलीत हातभर रेडिओ-कॅसेटवर ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी कार्डावर उत्तर लिहायचा. परत येताना सगळ्या कॅसेटी तो घेऊन आला होता.

तिचं बोलणं म्हणजे लहानसहान गोष्टी. पर्सिमनला यंदा फळ कमी. शेजारच्या आजींनी लोणचं दिलं, खारट होतं. आणि मध्ये मध्ये लांबलचक थांबणं. एक वाक्य बोलायची, थांबायची, मग दुसरं. शोसाकुने एकदा तिला चिडवलंही होतं: तुझी कॅसेट म्हणजे प्रत्येक स्टेशनात थांबणारी गाडी.

नवे कपॅसिटर बसवून त्याने हाताला लागली ती कॅसेट लावली, दुसरी. टेबलाखाली पाय सोडले, डोळे मिटले.

“अहो,” मित्सुए म्हणाली. “ऐकू येतंय ना?”

आवाज इतका भरलेला, इतका जवळचा, की त्याचा हात आपोआप टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेला. रजईची घडी लागली, गार. तरीही त्याला बरं वाटलं. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा बरं वाटलं, हे त्याने स्वतःशी कबूल केलं.

“काल बर्फ पडलं,” ती म्हणाली. मग थांबली.

त्या थांबण्यात काहीतरी होतं.

४

पहिल्यांदा त्याला वाटलं, बाहेरून ट्रक गेला असेल. कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. “काल बर्फ पडलं.” मग शांतता, आणि त्या शांततेच्या अगदी तळाशी एक दबलेला ठोका. थोड्या वेळाने दुसरा. कानांनी ऐकण्यापेक्षा मांड्यांखालच्या चटईला जास्त कळावा असा.

माणूस शहाणा असला की घाबरण्याआधी शंका काढतो. शोसाकुने सगळ्या काढल्या. डेकची मोटर असेल, तर ठोके सारख्या अंतराने पडायला हवेत. हे तसे पडत नव्हते. कॅसेटला पीळ पडला असेल, तर मित्सुएचा आवाजही डगमगला असता. आपलंच हृदय असेल, म्हणून त्याने मनगटावर बोट ठेवलं. नाडी वेगळं बोलत होती. दुकानातून विकत आणलेली एक पियानोची कॅसेट लावली, तीत काही नव्हतं. शेवटी त्याने जुने वाळलेले कपॅसिटर परत जोडून पाहिले. ठोके गेले. मित्सुए पूर्वीसारखी पातळ झाली आणि तिची थांबणी रिकामी झाली.

म्हणजे आवाज कॅसेटमध्येच होता. छत्तीस वर्षं तिथेच होता. त्या हातभर रेडिओच्या इवल्याशा स्पीकरमधून तो बाहेर पडूच शकला नव्हता, एवढंच.

त्याने पुन्हा सुवा गाठलं.

“मोठे द्या,” तो म्हणाला. “चार हजार सातशेचे असतील तर.”

हानेदाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “तुमच्या त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपेल का? चालू करताना दणका बसेल स्पीकरला. आणि ऐकताय काय एवढं? ढोलपथक?”

“मित्सुएच्या कॅसेटी.”

बाईंनी चष्मा परत कपाळावर सरकवला. खणातून दोन डबे काढून त्यांनी काउंटरवर ठेवले, पण हात डब्यांवरच राहिला.

“एक विचारू का तेराउचीसान? राग नका मानू. बाईमाणसाचा आवाज एवढा खाली जात नाही. हजारवाल्यातूनच तो पुरा येतो, एक अक्षर शिल्लक राहत नाही. मग आणखी खाली काय शोधताय?”

“खोलीचा आवाज,” शोसाकु म्हणाला. “घर कसं होतं तेव्हा, ते ऐकायचंय.”

“घराला कसला आलाय आवाज,” बाई म्हणाल्या, आणि डबे पुढे सरकवले. “माझं ऐकाल तर इथेच थांबा. पण तुम्ही ऐकणाऱ्यातले नव्हेत.”

५

बटण दाबल्यावर धप्प झालं, चांगलं दणदणीत. स्पीकरचा कागद बोटभर पुढे येऊन मागे गेला. कपॅसिटर मोठा, भरायला वीज जास्त, दणका मोठा. हिशेब बरोबर होता. मग दोन-तीन क्षणांनी दुसरा धप्प झाला. त्याला कसलाच हिशेब नव्हता. शोसाकुने वायर तपासल्या, सांधे पाहिले. सगळं जागच्या जागी होतं.

त्याने पाचवी कॅसेट लावली, आणि या वेळी कुणीही ओळखलं असतं. ती पावलं होती.

घराच्या दारापासून सुरू व्हायची. चार पावलं, मग न्हाणीघरासमोरची फळी, जी तेव्हाही दबायची आणि आजही दबते. तिथे ठोका जरा बसका येई. मग आणखी तीन, आणि या खोलीच्या कागद लावलेल्या सरकत्या दाराशी येऊन थांबायची. थांबली की काही ऐकू यायचं नाही. जे उभं राहतं ते कपॅसिटर सोडतच नाही. तो केवढाही मोठा असला तरी ते दारवानाच्या पलीकडेच राहतं. मित्सुए तोवर गप्प असे. मग पावलं परत फिरत, आणि ती पुन्हा लोणच्यावर येई.

त्या दिवशी शोसाकु जेवला नाही. एकापाठोपाठ एक कॅसेटी ऐकत गेला. सहावीत पावलं होती, सातवीत होती. तेराव्या कॅसेटीत ती दारात थांबली, परत फिरली नाहीत, आणि मित्सुए अगदी सहज आवाजात म्हणाली:

“ओकाएरी.”

आलात? बाहेरून घरी परतलेल्या माणसाला म्हणायचा तो शब्द. पाहुण्याला कुणी म्हणत नाही, पोस्टमनला म्हणत नाही. घरच्याच माणसाला म्हणतात, आणि त्या वर्षी घरचा माणूस नऊशे किलोमीटरवर कोकुराला होता.

शोसाकुच्या मनात पहिला विचार आला तो कोणत्याही नवऱ्याच्या मनात आला असता. तो विचार त्याने सगळी संध्याकाळ चघळला. गल्लीतली माणसं आठवून पाहिली, वाण्याचा भाऊ, दूध टाकणारा. रागाने त्याच्या तळहातांना घाम आला, एकाहत्तराव्या वर्षी. खरं सांगायचं तर त्या रागात थोडं सुखही होतं. माणूस असता तर काय, एक माणूसच असता. पण मित्सुए दाराकडे बघून ओकाएरी म्हणाली आणि त्यानंतर पूर्ण अकरा मिनिटं कॅसेट संपेपर्यंत बोलत राहिली, शिवणाबद्दल, थंडीबद्दल, आणि उत्तरादाखल एकही शब्द आला नाही. खोकला नाही. कपड्यांची सळसळ नाही. आत येऊन बसल्याचा आवाज नाही.

६

दुसऱ्या दिवशी त्याने डबा चटईवर उपडा केला. कॅसेटींच्या खाली, रबरात बांधलेली, त्याने कोकुराहून लिहिलेली कार्डं होती. तिने एकही टाकलं नव्हतं. त्याने कॅसेटी तारखेने लावल्या, प्रत्येकीसमोर त्या कॅसेटीच्या उत्तराचं कार्ड ठेवलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कारखान्यात बिघडलेला पंप खोलावा तसा, एकेक भाग ओळीत.

पहिली कॅसेट. “अहो, ऐकू येतंय ना?” हे तो जन्मभर माइकची चाचणी समजत आला होता. प्रत्येक कॅसेटीत ती हे विचारायची. त्याने नीट ऐकलं. सुरुवातीला तिने विचारलंच नव्हतं. सुरुवात होती ‘अहो’ने, मग पावलं, फळी, तीन पावलं, दार. त्यानंतर, पावलं दारात उभी असताना, अगदी हळू: “ऐकू येतंय ना?”

दुसरी कॅसेट. बर्फ, शांतता, पावलं. “आत्ता. ऐकू येतंय ना?”

तिसरीत तिचा आवाज कापत होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, थंडी.

त्याने तिसरीसमोरचं कार्ड उचललं. स्वतःचं अक्षर ओळखायला वेळ लागला, इतकं ते तरुण आणि खात्रीचं होतं. “सगळं स्पष्ट ऐकू येतं. असे आवाज व्हायचेच. काळजीचं काही कारण नाही. असंच चालू दे.”

हे त्याने कॅसेटच्या खरखरीबद्दल लिहिलं होतं.

चौथ्या कॅसेटीत मित्सुए म्हणत होती, “तुम्हाला ऐकू येतंय हे कळलं आणि बरं वाटलं. मला वाटत होतं, मलाच येतंय की काय. तुम्ही म्हणता काळजी नाही, तर नाही. आता मी रडणार नाही.” ते वाक्य त्याला आठवत होतं. हॉस्टेलच्या खोलीत ते ऐकून तो हसला होता, की आपली बायको खरखरीला घाबरून रडते. शेजारच्या खोलीतल्या मित्राला त्याने ते सांगितलंही होतं, आणि दोघे मिळून हसले होते.

शोसाकुने कार्ड खाली ठेवलं. तीन वर्षं ती या खोलीत, या चटईवर बसून त्याला विचारत होती, आणि तो दर महिन्याला शाईने लिहून कळवत होता: हो, येतंय, चालू दे. एकट्या बाईने मग काय करावं? ज्याला हाकलता येत नाही त्याला घरचं करून घ्यावं. तेराव्या कॅसेटीपर्यंत तिने ते करून घेतलं होतं.

आणि तो परत आल्यावर? तेहेतीस वर्षं तो याच घरात होता. कधी दुपारी तो समोर बसलेला असतानाच ती शिवणातून मान वर करायची, दाराकडे बघून पुटपुटायची, ओकाएरी. तो म्हणायचा, “मी इथे आहे गं, म्हातारे. तुझं डोकं चालत नाहीसं झालं.” ती म्हणायची, “हो, खरंच की.” आणि सुईत दोरा ओवायची. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. त्याला ऐकू येतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही, असंच ती शेवटपर्यंत समजून चालली.

७

दहा हजारचे कपॅसिटर त्याने हानेदाबाईंकडून आणले नाहीत. बाईंसमोर उभं राहायची हिंमत नव्हती. पोस्टाने मागवले. मुठीएवढे होते, झाकण बसेना, तसेच उघडे ठेवले.

त्याला आता एवढंच हवं होतं: ती घाबरत घाबरत गेली की नाही. शेवटच्या, एकेचाळिसाव्या कॅसेटीत ते कळेल असं त्याला वाटत होतं. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर गावालगतचं तळं गोठलेलं, आकाश राखाडी, छपरावरून बर्फ घसरल्याचाही आवाज नाही. त्याने बटण दाबलं. एक दणका. मग दुसरा. दुसऱ्याचं आता त्याला नवल वाटलं नाही.

“अहो,” मित्सुए म्हणाली, “पुढच्या महिन्यात तुम्ही येणार. बरं होईल.” मग थांबली. पावलं आली, फळी दबली, दारात उभी राहिली. “ओकाएरी,” ती म्हणाली, पण मऊ आवाजात, दमून आलेल्या माणसाला म्हणावं तशी. मग ती त्याच्याशी, दारातल्याशी, बोलायला लागली. “पुढच्या महिन्यात हे येतील. त्यांचा आवाज मोठा आहे, गाणी लावतात, तुम्हाला त्रास होईल थोडा. पण माणूस वाईट नाही. तुम्ही येत जा. त्यांना ऐकू येतं, पण ते काही म्हणणार नाहीत.”

कॅसेट संपली. डेकचं बटण खटकन वर आलं.

शोसाकु बसून राहिला. ती घाबरत नव्हती, हे कळलं. त्यामुळे बरं वाटायला हवं होतं, आणि तसं वाटत नव्हतं. तिने दारातल्याला ‘तुम्ही येत जा’ म्हटलं होतं. इतक्या वर्षांत शोसाकुला तिने ते एकदाही म्हटलं नव्हतं, कारण तो इथेच बसलेला असे, डोळे मिटून.

घराच्या दाराकडून पाऊल आलं.

त्याने डेककडे पाहिलं. कॅसेट थांबलेली होती. दुसरं पाऊल. मोठे कपॅसिटर वीज धरून ठेवतात, बटण बंद केलं तरी थोडा वेळ आवाज रेंगाळतो, हे त्याला ठाऊक होतं. त्याने बटण बंद केलं आणि मनात मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत, फार तर पाचपर्यंत. बारावर पोचला तेव्हा फळी दबली. त्याने भिंतीतून वायर उपटली. यंत्रावरचा दिवा विझला. आणखी तीन पावलं, आणि ती त्याला कानांनी नव्हे, चटईतून कळली, मांड्यांखाली, जशी पहिल्या दिवशी कळली होती. मग सरकत्या दाराच्या पलीकडे ती थांबली.

दाराच्या कागदावर सावली नव्हती. नुसता कागद होता, राखाडी उजेडाचा. पण तिथे उभं राहिलेलं जे होतं ते वाट पाहत होतं. छत्तीस वर्षं रोज जिथे उत्तर मिळालं, तिथे उभं राहून वाट पाहावी तसं. ऑक्टोबरापासून रोज ते असंच येऊन उभं राहत असणार, आणि रोज आत एक म्हातारा डोळे मिटून गाणी ऐकत असणार.

शोसाकुला कळत होतं काय म्हणायचं ते. एक शब्द. लहान मुलालाही येतो. त्याने तोंड उघडलं, आणि शब्द न म्हणताच मिटलं. भीती होती, हे खरंच, पण त्याहून मोठी लाज होती. हा शब्द मित्सुएने कमावलेला होता, एकटीने, थरथरत. तो आपण कोणत्या तोंडाने म्हणायचा?

किती वेळ गेला ते त्याने मोजलं नाही. किटलीतला चहा गार झाला. मग पावलं फिरली. तीन पावलं, फळी, चार.

तेव्हा तो उठला. भिंतीला धरत गेला, आणि दार सरकवलं.

घराच्या आतल्या बोळाच्या टोकाला, बाहेरच्या दाराशी, बूट काढायच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. खाली वाकून पायांत काहीतरी चढवत होतं, बंद बांधत होतं, सावकाश, लांब जायचं असल्यासारखं. बाई की पुरुष ते कळत नव्हतं. पाठीचा रंग कोणता तेही पुढे त्याला कधी आठवलं नाही. फक्त कोपरांची हालचाल दिसत होती, आणि खाली फरशीवर शोसाकुचे स्वतःचे बूट, त्यांना हातही न लागलेले.

“ओकाएरी,” शोसाकु म्हणाला. आवाज फाटला. तो पुन्हा म्हणाला.

कोपरं क्षणभर थांबली. तो पाठमोरा आकार ऐकत होता, यात शंका नाही. मग त्याने उरलेली गाठ मारली आणि उठला. दार सरकलं, गार हवा बोळातून शोसाकुच्या अनवाणी पायांपर्यंत आली, आणि दार लागलं.

त्या घरातून कचरा टाकायला बाहेर पडणारं माणूससुद्धा दारातून ‘जाऊन येतो’ म्हणायचं, मित्सुएची तशी सक्तच ताकीद होती. शोसाकु बोळात उभा राहून कान देऊन ऐकत राहिला. ते काही न बोलता गेलं होतं.